पिठातली अक्षरं

आमच्या गल्लीत पहाटे पाच वाजता एक बाई रस्त्यावर खरं लिहीत असे, आणि नऊ वाजेपर्यंत मुंग्या ते खाऊन टाकत.

बाईंचं नाव तुळजाअक्का. तंजावूरच्या राजवाड्यामागे मराठी बोलणाऱ्यांची जी थोडी घरं उरली आहेत, त्यांतलं एक त्यांचं. दारापुढे सडा घालून तांदळाच्या पिठाची रांगोळी आमच्याकडे सगळ्याच बायका घालतात, तमिळ काय आणि मराठी काय. अक्कांची रांगोळी लहान, नऊ ठिपक्यांची, पाहुण्या बाईनं आळशी म्हणावी अशी. पण तिच्याखाली एक ओळ असे. चिमटीतून पीठ सोडत काढलेली, ठसठशीत, देवनागरीत.

देवनागरी वाचणारं माणूस आमच्या गल्लीत शोधावं लागतं. आम्ही मराठी बोलतो, तीही जुन्या वळणाची, तमिळ सुरात. लिहायचं झालं की तमिळ. त्यामुळे सगळ्यांची पक्की समजूत होती की अक्का रोज पहाटे एक संस्कृत मंत्र लिहितात. लोक ओळीला वळसा घालून जात. सायकलवाले उतरत. समोरच्या जानकीमामी दुधाची पिशवी घेऊन परतताना वाकत, ओळीच्या कडेला बोटं टेकवत आणि ती डोळ्यांना लावत.

मी ती ओळ पहिल्यांदा थांबून वाचली, त्या दिवशी तिथे लिहिलेलं होतं: "नमस्कार दुरून चांगला दिसतो, जवळ आला कीं काम निघतें."

मला वाचता येत होतं ते वडिलांमुळे. वडील कामगार संघटनेचे. घरात देवाच्या फोटोंपेक्षा पत्रकं जास्त. अधिवेशनाला जाऊन आले की मुंबई-पुण्याकडच्या साथींनी दिलेली मराठी पत्रकं पिशवीतून निघत. मी अक्षरं त्यांच्यावर शिकले. "निषेध" हा माझा पहिला जोडाक्षर नसलेला शब्द आणि "संघर्ष" हा जोडाक्षराचा. मी आज हे लिहिते ती मराठीही त्या पत्रकांची आहे. अक्कांची मराठी निराळी होती, घरात मुरलेली.

त्या सकाळी मी रस्त्यातच मोठ्यानं हसले. अक्का दारात पीठ झटकत उभ्या होत्या. त्यांनी मला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"वाचतां येतें तुला?"

"येतं, अक्का."

"अय्यो," त्या म्हणाल्या. "मग आतां जपून लिहावें लागेल." आणि मला काप्पी, म्हणजे आमची कॉफी, प्यायला आत बोलावलं.

त्यांनी जपून कधीच लिहिलं नाही.

अक्का ठेंगण्या, काळ्यासावळ्या, नऊवारीसारखी पण आमच्या इथल्या पद्धतीनं नेसलेली सुती साडी, कानांत विटलेल्या कुड्या. नवरा कलेक्टर कचेरीत रेकॉर्ड सांभाळायचा, तो लवकर गेला. मुलगा सुंदर दिल्लीला, सरकारी नोकरीत. बोलताना अक्का समोरच्याकडे पाहत नसत. समोरचा बोलू लागला की मात्र पाहत, आणि इतकं नीट पाहत की तो वाक्य अर्ध्यात बदलायचा.

त्यांचे वडील ग्रंथालयात जुने कागद उतरवून काढत. त्यांनी मुलीला अक्षरं शिकवली ती ताटात तांदूळ पसरून. मुलांना पुढे पाटी मिळाली, मग वही. मुलीला ताटच राहिलं. "माझें लिहिणें झाडून टाकायचें लिहिणें," त्या म्हणत. तमिळ शाळेत पाचवीपर्यंत गेल्या, तेवढ्यापुरता कागदाला हात लागला. मराठी त्यांनी कागदावर कधीच लिहिली नाही. आपण अन्याय म्हणून ज्यावर पत्रकं काढतो तो हाच, असं मी एकदा आवेशानं त्यांना सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. दुसऱ्या दिवशी दारात ओळ होती: "ज्यांना जग बदलायचें आहे ते आपली काप्पीची वाटी विसळत नाहींत."

तेव्हापासून मी त्यांच्या घरी वाटी विसळायला लागले. बाकी कुठल्या टीकेनं मी इतकी सुधारलेली नाही.

कोपऱ्यावर नटेशअण्णांचं काप्पीचं दुकान. त्यांना या ओळींचा फार भरवसा. एका आषाढात दुकान चालेना, तेव्हा त्यांनी त्या दिवशीची ओळ अक्षरन्‌अक्षर कागदावर उतरवली, पाटीवाल्याकडून रंगवून घेतली आणि गल्ल्याच्या वर, लक्ष्मीच्या फोटोशेजारी टांगली. रोज उदबत्ती. शुक्रवारी हार. पाटीवर लिहिलेलं होतं: "फुकट सल्ला देणाऱ्यास काप्पी पाजूं नये, तो परत येतो."

दुकान चालू लागलं. मग एकदा रामेश्वराला निघालेली महाराष्ट्रातल्या यात्रेकरूंची बस तिथे थांबली. बायाबापड्या पाटी वाचून एकमेकींच्या खांद्यावर डोकं टेकून हसायला लागल्या. एक म्हातारबुवा तर काप्पी सांडून उठले. नटेशअण्णा दुखावले. ते मला लहानपणापासून पाप्पा, म्हणजे पोरी, म्हणत. संध्याकाळी मला गाठून म्हणाले, "पाप्पा, तू शिकलेली. देवाच्या अक्षरांना ती माणसं का हसली?"

मी अक्कांकडे धावले. "त्यांना सांगायला हवं. ही फसवणूक आहे."

अक्का कढीपत्ता निवडत होत्या. "दुकान चालतें ना त्याचें?"

"चालतं."

"उदबत्ती लावतो ना?"

"लावतात."

"मग मंत्रच तो. तूं काय म्हणून मोडतेस?"

मी नटेशअण्णांना सांगितलं की यात्रेकरूंना भक्तीचा आनंद झाला होता. खोटं बोलल्याचं मला आठवडाभर लागून राहिलं.

आणि व्यंकोबाराव. मराठी सभेचे अध्यक्ष, निवृत्त रेव्हेन्यू इन्स्पेक्टर, सदाचारावर बोलायला उभे राहिले की बसायचं विसरणारे. त्यांनी सभागृहाला पंखा दान दिला होता आणि तिन्ही पात्यांवर आपलं नाव लाल रंगात घातलं होतं. पंखा फिरला की नाव दिसेना. मग उन्हाळ्यातसुद्धा तो बंद ठेवू लागले. हे गृहस्थ देवनागरी आपल्याला येते असं सांगत. रोज फिरून येताना ओळीपुढे थांबत, चष्मा वर सरकवत, ओठ हलवत आणि म्हणत, "वा! केवढा अर्थ!" एके सकाळी ओळ होती: "पुण्यवानाच्या पंख्याखालीं फार उकडतें." व्यंकोबाराव थांबले. ओठ हलवले. हात जोडले. "अगदी माझ्या मनातलं लिहिलंत, अक्का."

अक्का गंभीरपणे म्हणाल्या, "तुमच्याच कृपेनें."

आत आल्यावर त्या इतक्या हसल्या की त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागला. त्यांना तसं हसताना मी दोनदाच पाहिलं.

हे सगळं पहाटेचं. अक्कांची संध्याकाळ मात्र जानकीमामींची होती. घरापुढच्या ओट्याला आमच्याकडे तिण्णै म्हणतात. दिवे लागायच्या आधी जानकीमामी रस्ता ओलांडून यायच्या आणि दोघी अक्कांच्या तिण्णैवर बसायच्या. बोलणं तमिळमध्ये. मामी अक्कांपेक्षा चार-पाच वर्षांनी लहान, एकट्याच. मुलगा रघु अमेरिकेत. पूर्वी कोणाचा मुलगा त्रिचीला गेला तरी गल्ली स्टेशनवर जायची. आता देश उघडला होता, पोरं थेट ढगांपलीकडे जात होती आणि गल्लीत त्यांची रिकामी कपाटं राहत होती. टीव्हीवर तीस वाहिन्या आल्या. अक्कांनी लिहिलं, "अमेरिकेंत पाऊस पडला तो दिसतो, शेजारीं कोण आजारी तें दिसत नाहीं."

दोघींच्या बोलण्यात रोज पत्रं असायची.

"रघुनं लिहिलंय, गुडघाभर बर्फ. गाडी फावड्यानं उकरून काढावी लागते म्हणे."

"सुंदरही लिहितो, दिल्लीला यंदा थंडी फार. कानटोपी घातल्याशिवाय बाहेर पडत नाहीं."

"रघुला माझ्या हातच्या चिंचेच्या वत्तकुळंबूची आठवण येते."

"सुंदर म्हणतो, अम्मा, तिकडे आपल्यासारखी चिंच नाहीं."

नाक्यावर एसटीडीचा बूथ निघाला, पिवळ्या पाटीचा. मी म्हणाले, फोन का नाही करत? दोघींनी एकदम मान हलवली. फोनवर काय बोलणार, पत्रच बरं. पत्र पुन्हा वाचता येतं.

मी तेव्हा वीस वर्षांची होते. अन्याय मला लांबून दिसायचा. पोस्टमन मामींच्या दारी थांबत नाही हे मी पाहिलं होतं. मी एकच दार पाहिलं.

त्याच सुमारास एका सकाळी अक्कांच्या दारात ओळ होती: "ज्या पत्राचा मजकूर सांगतात आणि पत्र दाखवीत नाहींत, तें पत्र आईनेंच लिहिलेलें असतें."

जानकीमामी दुधाची पिशवी घेऊन आल्या, वाकल्या, बोटं टेकवली, डोळ्यांना लावली. मी पलीकडे उभी होते. अक्का दारात नव्हत्या. एरवी त्या असायच्या.

मी या ओळी वहीत उतरवून ठेवत असे. अक्कांना माहीत होतं. एकदा त्यांनी वही मागितली, पानं उलटली, आपलीच वाक्यं दुसऱ्याच्या अक्षरात पाहिली आणि वही अशी परत दिली, जसं कोणी गरम भांडं देतं.

"ठेव. पण छापूं नको."

"का? किती लोक वाचतील, अक्का!"

"म्हणूनच. मुंग्या वाचितात आणि खाऊन टाकितात, म्हणून मला धीर होतो. कागद असता तर मी देवाचें नांव लिहिलें असतें."

मला हे भ्याडपण वाटलं. खरं आहे आणि लपवून ठेवायचं? मग आमच्या घरातल्या छपाईच्या ट्रेडल यंत्राच्या शाईनं वडिलांची नखं काळी झाली ती कशासाठी? खरं हे वाचलं गेलंच पाहिजे, नाहीतर ते खोट्याच्या बाजूचं, असं मी मानत होते. आजही अर्धं मानते.

नवरात्रात व्यंकोबाराव सभेत सदाचारावर तीन दिवस बोलणार होते. मी ठरवलं. वहीतली साठ वाक्यं तमिळमध्ये केली. सोळा पानांची पुस्तिका. मुखपृष्ठावर अक्कांचं नाव मोठ्या अक्षरात घातलं, अभिमानानं. वडिलांनी यंत्रावर कागद लावण्याआधी एकच विचारलं, "त्यांना विचारलंस?"

"विचारलं," मी म्हणाले.

खरं छापण्यासाठी मी सांगितलेलं ते एकच खोटं.

सभेच्या दारात दीड तासात सगळ्या प्रती गेल्या. व्यंकोबाराव व्यासपीठावर होते आणि खाली लोक पान सातवरचा पंखा वाचून वर छताकडे बघत होते. नटेशअण्णांनी दुसऱ्या दिवशी पाटी उतरवली. वाद घातला नाही. खिळ्याच्या जागी नुसतं भोक राहिलं. त्यांनी मला एवढंच विचारलं, "मागं तू मला भक्तीचा आनंद म्हणालीस ना, पाप्पा?"

जानकीमामींना मी प्रत स्वतः नेऊन दिली. "मामी, तुम्ही रोज ज्याला हात लावता तो मंत्र हा."

त्या पायरीवर बसल्या, चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचू लागल्या. पहिल्या पानाला हसल्या. समोर तिण्णैवर अक्का तांदूळ पाखडत होत्या, त्यांना मामींनी ओरडून विचारलं, "अक्का, हे सगळं तुम्ही? आणि मी पाया पडत होते!" पंख्याला तर त्यांनी मांडीवर थाप मारली. अक्कांनी सूप खाली ठेवलं. त्या माझ्याकडे बघत होत्या, आणि मला वाटलं कौतुकानं.

मग मामी अकराव्या पानावर आल्या, पत्राच्या त्या ओळीवर. तिथे आवाज बंद झाला. ओठही हलेनात. त्यांनी पुस्तिका मिटली, चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला नाही.

"दूध तापवायचं राहिलंय," म्हणाल्या आणि आत गेल्या.

त्या संध्याकाळी जानकीमामी रस्ता ओलांडून आल्या नाहीत. अक्का दिवे लागेपर्यंत बसून होत्या, बाजूची जागा पदरानं झाडलेली. दुसऱ्या सकाळी मामी दुधाची पिशवी घेऊन परतल्या त्या स्वतःच्या बाजूनं, भिंतीला घासून. अक्कांच्या दारात नऊ ठिपके होते. त्याखाली काही नव्हतं.

मी माफी मागायला गेले. अक्कांनी नेहमीसारखी काप्पी दिली. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तूं खोटें कांहींच छापलें नाहींस," त्या म्हणाल्या.

"मी मामींना सांगते, अक्का. ते वाक्य त्यांच्यावर नव्हतं म्हणून सांगते."

"मग कोणावर होतें, असें विचारील. काय सांगशील?"

मला वाटत होतं की ते मामींवरच होतं. अक्का फळीवरच्या डब्यांकडे बघत राहिल्या. तिथे सुंदरचा शाळेतला फोटो होता, बक्षीस घेतानाचा. मग म्हणाल्या, "जा आतां. वाटी राहूं दे, मी विसळतें."

सहा वर्षं. समोरासमोर दोन दारं, मध्ये बारा पावलांचा रस्ता. गल्लीत आता लोकांना कळलं होतं की तो मंत्र नव्हता, तरी काही जण सवयीनं रिकाम्या रांगोळीला वळसा घालून जात. कोणाच्या लग्नात दोघी एका ओळीत जेवायला बसल्या तर मधल्या बाईशी बोलत. मामींनी रघूच्या पत्रांबद्दल बोलणं सोडलं. अक्कांनीही सुंदरच्या पत्रांबद्दल बोलणं सोडलं. मला वाटलं, मैत्रिणीला लागू नये म्हणून.

मी या काळात बरीच पत्रकं लिहिली. काही चांगली होती. प्रत्येक वेळी छापण्याआधी वडिलांचा तो प्रश्न ऐकू यायचा, वडील खोलीत नसले तरी.

अक्का मात्र दिसायला तशाच होत्या. बोलणं तेवढं ओसरलं. पूर्वी भाजीवालीशी घासाघीस करताना चार वाक्यं अशी बोलायच्या की ती टोपली खाली ठेवून ऐकायची. आता भाव विचारायच्या आणि द्यायच्या. मी एकदा म्हणाले, "अक्का, निदान मला तरी सांगा काही. मी वहीसुद्धा आणलेली नाही." त्या म्हणाल्या, "सुचत नाहीं असें नाहीं. बोट वळत नाहीं."

मग सुंदर आला. पन्नाशीचा, सुटलेला, भला माणूस. दारात आल्याबरोबर पायातले बूट काढून कुठे ठेवावे ते त्याला आठवेना. घर विकलं होतं. गावातलं मोठं देऊळ बघायला परदेशातून लोक येऊ लागले होते, तिथे लॉज होणार होता. दिल्लीची हवा आईला मानवणार नाही असं त्याचं मत होतं. मद्रासजवळ एक चांगला आश्रम होता म्हातार्‍या माणसांसाठी, डॉक्टर चोवीस तास, शाकाहारी जेवण. छापील माहितीपत्रक त्यानं मला दाखवलं. मी आयुष्यभर पत्रकं वाचलीत; इतकं गुळगुळीत पत्रक मी पाहिलं नव्हतं.

आदल्या दुपारी अक्कांनी मला बोलावलं. घर अर्धं बांधून झालेलं. त्यांनी चार घड्या घातलेला एक कागद माझ्या हातात दिला.

"उद्यां सकाळीं ये. वाचायचें आहे. तूंच छापलेंस, आतां तूंच वाच. तमिळमध्यें. एकाच माणसाला."

"आणि हा कागद?"

"तिनें विचारलें तर दे. नाहीं विचारलें तर मुंग्यांना दे."

सकाळी मी पोचले तेव्हा मोटार दारात होती आणि लॉरीत सामान चढत होतं. सडा ताजा होता. नऊ नाही, एकवीस ठिपक्यांची रांगोळी होती, दार ते गटारापर्यंत, आणि खाली ओळ. हमाल तमिळ गावाकडचे, त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं; तरी कपाट उचलून नेताना ते ओळीला वळसा घालत होते. एकानं तर डोक्यावर ओझं असताना पायातली चप्पल काढली.

अक्का मागच्या सीटवर बसलेल्या. नवी साडी. उजव्या हाताची बोटं पिठानं पांढरी, पुसलेली नाहीत. त्यांनी जानकीमामींच्या दाराकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे, मग समोर. सुंदरनं काच वर केली, आतल्या गारव्यासाठी. काचेवर आतून चार पांढरी बोटं टेकली. मोटार कोपऱ्यावर वळली, तेव्हा मला एवढंच दिसलं: काचेवर चार ठसे, त्यांच्यामागे डोकं सरळ धरून बसलेली एक लहानशी बाई, आणि तिच्या मांडीवर काप्पीच्या दोन वाट्या, रुमालात बांधलेल्या, लॉरीवर भरवसा नाही म्हणून.

गल्ली रिकामी झाली. जानकीमामी दार उघडून बाहेर आल्या. त्या आतून बघत होत्या, हे काय सांगायला हवं. बारा पावलं ओलांडायला त्यांना बराच वेळ लागला. ओळीपुढे उभ्या राहिल्या.

"काय लिहिलंय?"

मंत्र आहे, असं म्हणता आलं असतं. मी वाचलं. तमिळमध्ये, हळू, एकाच माणसाला.

"जानकी, तें वाक्य माझ्या घरचें होतें. सुंदरचें पत्र कधीं आलें नाहीं."

मला ती तिण्णै दिसत होती, त्या दोघी, दिल्लीची थंडी, अमेरिकेतला बर्फ. एक बाई खोटं रचत होती आणि दुसरी ते ऐकून आपलं रचत होती, आणि दोघींना वाटत होतं की समोरचीचं खरं आहे. अक्कांनी स्वतःवर लिहिलेली एक ओळ. मैत्रीण परत आणायला त्यांना एवढंच सांगायचं होतं, आणि सगळ्यांचं सगळं ओळखणाऱ्या त्या बाईला ते एक सांगायला सहा वर्षं लागली.

मामी वाकल्या. गुडघा दुखत होता, एक हात जमिनीला टेकला. ओळीच्या कडेला बोटं लावली आणि डोळ्यांना लावली. मंत्र नाही हे माहीत असूनसुद्धा. मग त्या विकलेल्या घराच्या तिण्णैवर बसल्या, आपल्या जुन्या जागी. हमाल "अम्मा, जरा बाजूला" म्हणाला, त्या हलल्या नाहीत. ऊन आलं. पहिली मुंगी "जानकी"च्या "जा"वर चढली.

"पत्ता आहे का गं तुझ्याकडे?" मामींनी विचारलं.

मी कागद दिला.

अक्का आश्रमात दोन वर्षं जगल्या. पाचवीनंतर वहीत एक अक्षर न लिहिलेल्या त्या बाईंनी या दोन वर्षांत जानकीमामींना अकरा पत्रं लिहिली, तमिळमध्ये, पाचवीतल्या मुलीच्या अक्षरात, आंतर्देशीय पत्राच्या घडीवरसुद्धा मजकूर भरून. बारावं पत्र आश्रमाच्या व्यवस्थापकांचं, दोन ओळींचं. तेही त्याच गठ्ठ्यात आहे.

परवा मी गेले तेव्हा गॅसचं सिलिंडर आणणारा माणूस मामींच्या पायरीवर बसून पाचवं पत्र वाचत होता. अक्का काय लिहायच्या, असं मी दारातून विचारलं. मामींनी गठ्ठा माझ्यापुढे केला. त्या मजकूर सांगत नाहीत. पत्र दाखवतात.